‘निष्क्रिय’ धातू : एका सोयीच्या शब्दाची तपासणी

मोडलेले हाड जोडण्यासाठी पट्टी आणि स्क्रू, मांडीच्या हाडात बसवलेली सळी, झिजलेल्या खुब्याच्या जागी धातूचा सांधा या गोष्टी आता घरोघरी परिचयाच्या झाल्या आहेत. या विषयावरील लेख आणि पाठ वाचताना मात्र एक वाक्य हटकून भेटते : ‘हे धातू निष्क्रिय असल्यामुळे शरीर त्यांना स्वीकारते.’ वाक्य सुटसुटीत आहे. परीक्षेत गुण मिळवून देणारेही आहे. आमची हरकत एवढीच, की ते अर्धेच खरे आहे आणि राहिलेल्या अर्ध्या भागाची किंमत रुग्णांना मोजावी लागली आहे.

आधी खरा भाग पाहू. टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू हवेत उघडा पडताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर पुढील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबवतो. म्हणजे निष्क्रियता या थराची आहे, धातूची नव्हे. पृष्ठभाग घासला गेला की थर निघतो आणि पुन्हा तयार होतो. या प्रत्येक खेपेस थोडा धातू खर्ची पडतो. सांध्याचे तर कामच घासण्याचे. मग खरवडून निघालेला तो धातू जातो कुठे?

हा प्रश्न आधी प्लॅस्टिकच्या बाबतीत पुढे आला. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी १९५८ नंतरच्या काही वर्षांत खुब्याच्या उखळीसाठी टेफ्लॉन वापरले. टेफ्लॉनइतका निष्क्रिय पदार्थ शोधून सापडणे कठीण. तरीही सुमारे तीनशे रुग्णांमध्ये हा प्रयोग फसला. उखळ लवकर झिजली आणि झिजेच्या भुकटीभोवती सूज येऊन गाठी झाल्या. चार्न्ली यांनी टेफ्लॉनचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, तेव्हा तेथेही गाठी उठल्या. शरीराने मुकाट्याने सोसलेला पदार्थ भुकटीच्या रूपात सोसला नाही. १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरले. ते फार सावकाश झिजते, म्हणून ते टिकले.

आकारमानाने एवढा फरक का पडावा? याचे गणित वर्गात फळ्यावर करता येते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मायक्रोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्यांची संख्या दहाचा बारावा घात होते आणि एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर, म्हणजे मूळच्या दहा हजार पट. क्रिया पृष्ठभागावर घडते. पदार्थ तोच राहिला तरी क्रियेला जागा दहा हजार पट मिळाली.

दुसरे कारण जीवशास्त्रीय आहे. परकी वस्तू दिसताच ती गिळून टाकणे हा मॅक्रोफेज या महाभक्षक पेशींचा धर्म आहे. ‘भक्षण’ करणाऱ्या पेशींची ही कल्पना मांडणारे मेचनिकॉव्ह १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. या पेशी सळी गिळू शकत नाहीत, कण मात्र गिळू शकतात. जिवाणू गिळला तर लयकारिकांतील आम्ल आणि विकरे त्याचा निकाल लावतात. धातूचा कण पचत नाही. उलट त्या आम्लात तो हळूहळू विरघळून आयन सोडतो. पेशी संकटाचे रासायनिक संदेश पाठवत राहते आणि अखेर मरते. तिच्यातून बाहेर पडलेला कण दुसरी पेशी गिळते व चक्र पुन्हा सुरू होते. याच संदेशांमुळे हाड विरघळवणाऱ्या अस्थिभक्षक पेशी वाढतात. सांध्याभोवतीचे हाड पोखरले जाते आणि जंतुसंसर्ग नसतानाही सांधा सैल होतो.

हाडाच्या या झिजेचे खापर एके काळी सांधा चिकटवणाऱ्या सिमेंटवर फोडले गेले. पण सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांतही तेच दिसले, तेव्हा पॉलिएथिलीनच्या भुकटीकडे लक्ष गेले. त्यावरचा उपाय म्हणून धातूच्या उखळीत धातूचाच गोळा बसवण्याची जुनी कल्पना १९९० च्या दशकात नव्याने पुढे आली. युक्तिवाद असा, की यात झिजेचे घनफळ कितीतरी कमी. हे खरेच होते. पण धातूचे कण बहुधा काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात. म्हणून घनफळ कमी असूनही कणांची संख्या प्रचंड. वरचे गणित येथे कुणी गंभीरपणे मांडले असते, तर ‘कमी झीज म्हणजे कमी धोका’ हे समीकरण इतक्या सहज पटले नसते.

धातूचा आणखी एक स्वभाव आहे. त्याचे आयन शरीरातील प्रथिनांना चिकटतात आणि मग लसिका पेशी त्या प्रथिनांनाच परके समजू लागतात. खोट्या दागिन्यांतील निकेलने कानाची पाळी चिघळते ती याच मार्गाने. २०१० मध्ये असे दाखवण्यात आले, की निकेलचे आयन माणसाच्या पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहक प्रथिनाला थेट जोडले जातात. उंदराच्या त्याच प्रथिनात जोडणीच्या जागेची हिस्टिडीन नसल्यामुळे त्याच्यात ही प्रतिक्रिया उठत नाही. कोबाल्टच्या बाबतीतही पुढे असेच आढळले. उंदीर ठणठणीत राहिला, म्हणून माणूस सुरक्षित, असे येथे म्हणताच येत नाही.

प्रयोगशाळेतील चाचण्यांवर आमची मुख्य टीका हीच आहे. पुष्कळ निबंधांत बाजारातून आणलेले गोल, स्वच्छ कण बशीतील पेशींवर टाकून दोन-तीन दिवसांत निष्कर्ष काढलेला असतो. सांध्यातील कण वेडेवाकडे, प्रथिनांनी लडबडलेले असतात आणि मुक्काम वर्षानुवर्षांचा असतो. उलट दिशेचीही चूक होते. टायटॅनियमच्या कणांना चिकटलेले जिवाणूंचे अंतर्विष काढून टाकले, की प्रतिक्रिया पुष्कळ कमी होते, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीसच दिसून आले होते. ती काळजी न घेता धातूला दोषी ठरवणारे निबंधही तितकेच कच्चे.

ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. ए.एस.आर. नावाचा धातूवर-धातू सांधा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीतील आकड्यांमुळे संशयात आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये डिप्यू कंपनीने तो जगभरातून परत घेतला. तोवर सुमारे ९३ हजार सांधे बसवले गेले होते. पाच वर्षांत आठांपैकी जवळजवळ एका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली, पण बहुसंख्य रुग्णांचा मागच लागला नाही. तिकडे दोष उघड केला तो पद्धतशीर नोंदींनी. आपल्याकडे नेमक्या नोंदीच नव्हत्या.

याचा अर्थ धातू टाकाऊ, असा मुळीच नाही. सांधेरोपणाने असंख्य लोक पुन्हा चालू लागले आहेत आणि ज्याच्या पायात सळी आहे त्याने घाबरण्याचे कारण नाही. न घासणाऱ्या सळीची गोष्ट वेगळी. हाडात हळूहळू विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूंमध्ये तर धातूची सक्रियताच उपयोगाला आणली आहे. मात्र तेथेही ‘मॅग्नेशियम प्रतिकार पेशींना शांत करते’ असे सरसकट विधान वाचले, की किती प्रमाणात, किती वेगाने आणि किती दिवस, असे विचारायलाच हवे.

शिक्षकांना आमची विनंती आहे. ‘निष्क्रिय’ हा शब्द फळ्यावर लिहिलात, तर त्यापुढे तीन प्रश्नही लिहा : कोणत्या आकाराचा? कुठे, घासत की स्थिर? आणि किती काळ? विद्यार्थ्यांना उत्तरे लगेच येणार नाहीत, पण पदार्थाचा गुणधर्म हा परिस्थितीशी बांधलेला असतो, एवढे त्यांना समजले तरी रसायनशास्त्राचा आणि जीवशास्त्राचा तो तास कारणी लागला असे म्हणता येईल.