‘बिगिनिंग पर्ल फॉर बायोइन्फर्मॅटिक्स’ : नोंद-निवडीच्या पद्धतीची चिकित्सा

जेम्स टिस्डल यांचा प्रस्तुत ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅमिंगशी अपरिचित जीवशास्त्रज्ञ हा त्याचा अपेक्षित वाचक होय.

फास्टा स्वरूपात प्रत्येक नोंद ‘>’ चिन्हाच्या शीर्षक-ओळीने सुरू होते. तिच्याखालील अनुक्रम अनेक ओळींत विभागलेला असतो. ओळीनिहाय शोध घेतल्यास दोन ओळींत तुटलेला आकृतिबंध निसटतो. म्हणून लेखक ओळी जोडून मगच शोध घेण्यास शिकवितात. हे योग्यच आहे. मात्र आठव्या प्रकरणातील उपकार्यक्रम शीर्षक-ओळी वगळून उर्वरित सर्व ओळी सलग जोडतो. फाइलमध्ये एकच नोंद असेल तर हे चालते. अनेक नोंदी असल्यास एका प्रथिनाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभास चिकटतो आणि कोणत्याही प्रथिनात नसलेला आकृतिबंध ‘सापडू’ शकतो. शिवाय खरा आकृतिबंध कोणत्या नोंदीतील, हेही कळत नाही.

दहाव्या प्रकरणात जेनबँक फाइल ‘//’ या नोंदसमाप्ती-चिन्हावर विभागून वाचली आहे. हीच दृष्टी फास्टासंदर्भात आधी दिली असती, तर विवेचन निर्दोष ठरले असते. पर्लऐवजी पायथन शिकविल्याने हा दोष आपोआप टळत नाही. आधी नोंद, मग शोध, हा क्रम अध्यापकांनी आरंभीच बिंबविणे अगत्याचे आहे.