‘पाँच’ व परिनिरीक्षणाची कात्री

अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’ या हिंदी चित्रपटावर जो वाद माजला, तो कात्रीपाशीच संपला. परिनिरीक्षण मंडळाने त्यातील हिंसा, अमली पदार्थांचे सेवन व शिवराळ भाषा यांवर आक्षेप घेतला. २००१ मध्ये काटछाटीनंतर त्यास परवाना मिळाला, तरी तो त्या काळी चित्रपटगृहांत लागला नाही. एका पक्षाने तरुण बिघडतील अशी हाकाटी केली, दुसऱ्याने कलास्वातंत्र्याची द्वाही फिरविली. चित्रपट म्हणतो काय, हे विचारण्यास फारच थोडे सरसावले.

त्याचे मूळ पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात आहे. जानेवारी १९७६ पासून मार्च १९७७ पर्यंत दहा माणसे मारली गेली. मारणारे कोणी सराईत दरोडेखोर नव्हते. कलामहाविद्यालयात चित्रकला शिकणारे, आपल्यातुपल्यासारख्या घरांतून आलेले तरुण होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांचाच एक सोबती माफीचा साक्षीदार झाला होता. ‘माफीचा साक्षीदार’ याच नावाने राजदत्त यांनी १९८६ मध्ये मराठी चित्रपट काढला व त्यात नाना पाटेकर यांनी काम केले. ते नाव आम्हांस फार मार्मिक वाटते. म्होरक्याला सोडून ते बरोबर असणाऱ्याकडे बोट दाखविते.

‘पाँच’चे सामर्थ्यही तेथेच आहे. गाणीबजावणी करणारे पाच तरुण पैशासाठी एका श्रीमंत मित्राच्या अपहरणाचे सोंग रचतात आणि त्या सोंगातून खरा खून होतो. खुनापेक्षा त्यानंतरची घटका अधिक भयंकर आहे. दार उघडे असते, पण कोणी उठून जात नाही. एकजण हुकूम सोडतो, बाकीचे मान खाली घालतात. चित्रपटात एकही सज्जन पात्र नाही, अशी तक्रार झाली. पण असा एखादा सज्जन घुसडला असता तर प्रेक्षकाने निश्चिंतपणे त्याच्या पाठीशी आसरा घेतला असता. देवलांच्या ‘झुंझारराव’मधील खून आमच्या आजोबा-पणजोबांनी सहकुटुंब पाहिला. तेथेही काळजात रुतते ती आधी अंकामागून अंक कानात ओतलेली गरळ.

चित्रपटाच्या व्यापारात आमचा वऱ्हाड अजूनही ‘सी. पी. बेरार’ म्हणूनच वावरतो (प्रांत गेला, नाव उरले!). तेथील पडद्यावर ‘पाँच’ आला नाही, म्हणून नांदगाव पेठेच्या माणसाला अमरावतीस जाऊन तो पाहता आला नाही. पुढे चोरट्या प्रती निघाल्या आणि ज्यांच्यासाठी कात्री चालविली त्याच पोरांनी तो एकेकट्याने पाहिला. वडील मंडळी तेवढी वंचित राहिली.

दोष नाहीत असे नव्हे. के. के. मेनन यांनी ल्यूक इतक्या जोमाने उभा केला आहे की काही ठिकाणी दिग्दर्शकच त्याच्यावर भाळलेला दिसतो. गिटारींचा गजर त्या मोहात भर घालतो. उत्तरार्धात कथानक चतुर कलाटण्यांच्या नादी लागते आणि मान खाली घालणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न कोण कोणास फसवितो या कोड्याखाली दडपला जातो. मंडळाच्या आक्षेपांत या दोषाचा उल्लेख आम्हांस कोठे आढळला नाही.