उदय शंकर यांची रेपर्टरी आणि तिचा जमाखर्च

कोलकात्यात एस्प्लनेड मेट्रो स्थानकातून बाहेर पडून न्यू मार्केटच्या दिशेने चालू लागले की हुमायून प्लेसमध्ये न्यू एम्पायर लागते. आज ते सिनेमागृह म्हणून ओळखले जाते. मार्च १९३६ मध्ये याच रंगमंचावर रवींद्रनाथ टागोरांच्या ‘चित्रांगदा’ या नृत्यनाट्याचे पहिले प्रयोग झाले आणि तिथून मंडळी उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाली. कलेचा प्रसार हा एक हेतू होता, विश्वभारतीची तूट भरून काढणे हा दुसरा. पंचाहत्तरीला टेकलेल्या कवीची ही वणवण गांधीजींना पाहवली नाही. त्यांनी दात्यांकडून ६०,००० रुपये मिळवून दिले आणि निधीसाठीची भ्रमंती थांबवायला सांगितले.

हा प्रसंग आपण दोन थोर माणसांच्या स्नेहाची गोष्ट म्हणून वाचतो. मला त्यात नृत्यनाट्याच्या अर्थव्यवहाराचा पहिला धडा दिसतो. तूट होती म्हणून प्रयोग गावोगाव गेला. तूट भरली आणि दौरा आवरता घेण्याची वेळ आली. पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो, यावर प्रयोग कुठे होणार हे ठरले. या टिपणात मला एक पाऊल पुढे जायचे आहे: कोणता प्रयोग निर्माण होणार, हेही पैशाच्या वाटेवरच ठरते का? त्यासाठी भारताची ‘राष्ट्रीय बॅले कंपनी’ होण्याच्या सर्वात जवळ पोहोचलेला संच घेऊ, उदय शंकर यांचा.

आधी हिशेबाची बाजू. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. कारखान्यात यंत्र सुधारले की तितक्याच तासांत जास्त माल निघतो, म्हणून मजुरी वाढवता येते. चार वादकांची अर्ध्या तासाची रचना मात्र दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास मागत होती, आजही तेवढेच मागते. बाहेर मजुरी वाढते, घरभाडे वाढते, म्हणून वादकाचे मानधनही वाढवावे लागते. उत्पादकता जिथल्या तिथे. बॅलेत हे दुखणे जास्तच, कारण माणसे जास्त आणि तालमी लांब.

समजा एका संचात २० माणसे आहेत आणि प्रत्येकाला महिना २५,००० रुपये मिळतात. नुसत्या मानधनाचे ५ लाख झाले. ८०० आसनांचे नाट्यगृह ३०० रुपये दराने पूर्ण भरले तर गल्ला २ लाख ४० हजार. भाडे, प्रवास, प्रकाशयोजना, जाहिरात यांत निम्मे गेले असे धरा. हाती उरले १ लाख २० हजार. म्हणजे महिन्याला चारांहून अधिक हाउसफुल प्रयोग झाले, तर फक्त पगार निघतो. नव्या रचनेच्या तीन महिन्यांच्या तालमीत गल्ला शून्य आणि खर्च १५ लाख. जुने लोकप्रिय काम पुन्हा करत राहणे स्वस्त, नवे काम महाग. अमेरिकेतल्या बॅले कंपन्या दर डिसेंबरला ‘नटक्रॅकर’ करतात आणि त्या गल्ल्यावर उरलेले वर्ष काढतात, ते यामुळे. दिल्लीच्या श्रीराम भारतीय कला केंद्राची १९५७ पासून दर नवरात्रात होणारी रामलीला मला आपला नटक्रॅकर वाटते. याला कोणी कलात्मक आळस म्हणेल. मी म्हणणार नाही.

आता उदय शंकर. जन्म १९०० चा, उदयपूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण. १९२३ मध्ये आना पावलोव्हाने त्यांना आपल्या संचात राधा-कृष्ण नृत्यासाठी घेतले. १९३१ मध्ये पॅरिसला त्यांचा स्वतःचा संच उभा राहिला. मागे आधार होता तो स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर यांचा, आणि पुढे अमेरिकेत सोल ह्युरॉक या बड्या आयोजकाचा. संगीताची जबाबदारी आधी तिमिर बरण आणि नंतर विष्णुदास शिराळी यांच्याकडे होती. हे शिराळी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यपरंपरेतले. पॅरिसच्या त्या वाद्यवृंदाचा एक धागा आपल्या गांधर्व महाविद्यालयापर्यंत येतो, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

या काळातली रेपर्टरी पाहा: ‘इंद्र’, ‘गंधर्व’, गारुडी, शिवाचे तांडव. बहुतेक रचना छोट्या, मध्ये मध्ये वाद्यवृंदाचे तुकडे, डोळे दिपवणारा पोशाख, नेपथ्य जवळजवळ नाही. टीकाकारांनी यावर ‘पाश्चात्त्यांसाठी सजवलेला पूर्व’ असा शिक्का मारला, आणि तो अगदीच खोटा नाही. पण ती टीका सामानाच्या पेट्या मोजायला विसरते. आज एका शहरात, परवा दुसऱ्या शहरात उतरणाऱ्या संचाला पेट्यांत मावणारेच काम करता येते. वाद्यांचा तुकडा सुरू असताना नर्तक पोशाख बदलतो. एखादा नर्तक आजारी पडला तर त्याचे नृत्य गाळून कार्यक्रम उभा राहतो, तासाभराच्या सलग कथेत ती सोय नाही. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाडही असेच पाठीवर असे. मात्र त्यांच्याकडे ओळखीची भाषा आणि पदे पाठ असलेला प्रेक्षक होता. उदय शंकर यांच्या अमेरिकन प्रेक्षकाला हस्तमुद्राही ठाऊक नव्हत्या. मग छोटे, स्पष्ट, चित्रासारखे काम झाले तर नवल काय?

खरी परीक्षा पुढे आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अल्मोड्याला कलाकेंद्र काढले. इंग्लंडमधील डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दांपत्याने सुमारे २०,००० पौंड दिले. त्या वेळच्या १ रुपया = १८ पेन्स या दराने हे २ लाख ६७ हजार रुपयांच्या आसपास येतात, म्हणजे गांधीजींनी मिळवून दिलेल्या रकमेच्या चौपटीहून अधिक. शंकरन् नंबुदिरी कथकली शिकवत, कंडप्पा पिळ्ळै भरतनाट्यम्, अमोबी सिंह मणिपुरी, आणि संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. शिकणाऱ्यांत शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, गुरु दत्त.

आणि रेपर्टरी बदलली. ‘रिदम ऑफ लाइफ’, ‘लेबर अँड मशिनरी’ अशी लांब, समूहाची, वर्तमानाबद्दल बोलणारी कामे याच वळणावर आली. देवादिकांची जागा कामगाराने घेतली. दर आठवड्याच्या गल्ल्याची टांगती तलवार नसेल तर समूहाला महिनोन्‌महिने एकत्र घडवता येते, आणि समूहाशिवाय यंत्र रंगमंचावर दिसूच शकत नाही. एकटा नर्तक फार तर चाक होईल. गिरणी व्हायला वीस शरीरे एका मापात चालावी लागतात. ‘कल्पना’ चित्रपटात यंत्र आणि मजूर यांचा असा एक भाग आहे. माझ्या वर्गात तो दाखवला की आधी हसू येते, मग मुले शांत होतात. त्यातला यंत्रविरोध मला भाबडा वाटतो. यंत्र म्हणजे राक्षस एवढ्यावर तो थांबतो. पण माणसाच्या हालचालीतून लय हळूहळू काढून घेतली की काय उरते, हे तिथे फार नेमके दिसते.

पैसा मात्र पुरला नाही. युद्धामुळे परदेश दौरे बंद झाले, म्हणजे मिळकतीचा मुख्य झराच आटला. १९४४ मध्ये केंद्र बंद पडले. मेनका यांची खंडाळ्याची नृत्यसंस्थाही त्याच काळात मिटली.

पुढे १९४८ चा ‘कल्पना’. त्याची चौकटच पाहा: एक लेखक आपली कथा निर्मात्याला ऐकवतो आणि निर्मात्याला पडलेली असते ती फक्त बॉक्स ऑफिसची. कथेतला उदयन हिमालयात कलाकेंद्र काढतो आणि ते जगवण्यासाठी धनिकांना बोलावून महोत्सव भरवतो. अर्थसंकल्प हाच विषय असलेला दुसरा भारतीय नृत्यचित्रपट मला माहीत नाही. हे प्रवेश काही ठिकाणी ताणलेले, पाहुण्या राजांची थट्टा ढोबळ. तरी त्यातली चीड अस्सल आहे. चित्रपटही तिकीटखिडकीवर चालला नाही. पण आज ती नृत्ये आपल्याला दिसतात ती त्याच्यामुळेच. २०१२ मध्ये जतन केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. रंगमंचावरची ‘रिदम ऑफ लाइफ’ आपल्याला दिसणार नाही. नृत्यरचना कागदावर नसते, ती नर्तकांच्या शरीरात असते. मानधन थांबले की शरीरे पांगतात, आणि रचना त्यांच्याबरोबर जाते.

इथे शांती बर्धन यांच्याशी तुलना करावीशी वाटते. अल्मोड्याहून ते मुंबईत ‘इप्टा’च्या केंद्रीय पथकात आले. बंगालच्या दुष्काळासाठी मदत गोळा करणाऱ्या चळवळीतले हे पथक. त्यातून ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इमॉर्टल’ झाले. १९५२ मध्ये मुंबईतच त्यांनी लिटल बॅले ट्रूप सुरू केला. त्यांच्या ‘रामायणा’त माणसे कठपुतळ्यांसारखी वावरतात, ‘पंचतंत्रा’त पशुपक्ष्यांची रूपे घेतात. १९५४ मध्ये क्षयाने बर्धन गेले. तरीही ही कामे गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी दशकानुदशके चालू ठेवली. मुंबई, मग ग्वाल्हेर, मग भोपाळ असे संचाचे स्थलांतर झाले तरी.

ती टिकली यात निष्ठेचा वाटा मोठा आहेच. पण रचनेतही एक कारण आहे, त्याला आमच्याकडे सुटे भाग बदलण्याची सोय म्हणतात. कठपुतळीचा राम कोण करतो हे प्रेक्षकाला महत्त्वाचे नसते. भूमिकेचा साचा पक्का असतो, नर्तक बदलता येतो. उदय शंकर यांच्या ‘इंद्रा’चे तसे नव्हते. प्रेक्षक इंद्र पाहायला नव्हे, उदय शंकर पाहायला येत. आयोजकाच्या जाहिरातीला हे सोयीचे होते, वारशाला नव्हते. कमी पैशात राहायचे ठरवलेल्या संचाने नकळत टिकाऊ रचना केली आणि भरपूर पैसा पाहिलेल्या संचाने नश्वर, हा हिशेब मला अजून पूर्ण सुटलेला नाही.

आज केंद्र सरकारच्या रेपर्टरी अनुदानात भर असतो तो गुरू आणि शिष्यांच्या मासिक मानधनावर. वरच्या गणितातला पगाराचा आकडा त्याने हलका होतो, आणि ते आवश्यकच आहे. मात्र माणसे टिकवणे आणि रचना टिकवणे ही दोन वेगळी खाती आहेत. जुनी रचना पुन्हा बसवण्याच्या तालमीचे तीन महिने कोणत्या खात्यात टाकायचे?

उदय शंकर पुढे कोलकात्यातच राहिले आणि १९७७ मध्ये तिथेच वारले. टागोर जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी रवींद्रनाथांच्या कवितेवर ‘सामान्य क्षति’ बसवले. संगीत धाकटे भाऊ रवि शंकर यांचे. राणी नदीत स्नान करते, थंडी वाजते म्हणून गरिबांच्या झोपड्या पेटवून शेकत बसते आणि म्हणते, चार मोडक्या झोपड्या जळाल्या, त्यात मोठे नुकसान ते काय. राजा तिची राजवस्त्रे उतरवून तिला दारोदार भीक मागायला पाठवतो: झोपड्या पुन्हा उभ्या करण्यापुरते जमव, आणि वर्षाने येऊन सांग, नुकसान किती झाले होते.