उपेक्षित गाणे आणि रसिकाची लेखणी

संगीताविषयीच्या मराठी लेखनाचे स्थूलमानाने दोन प्रवाह मानण्याचा प्रघात आहे. एक शास्त्रविचाराचा; त्यात श्रुती, थाट, रागलक्षणे यांची चर्चा येते. दुसरा आठवणींचा, त्यात बुवा, खाँसाहेब, त्यांच्या मैफली आणि त्यांचे लहरी स्वभाव येतात. या दोहोंच्या मधल्या पट्टीत आणखी एक लेखक उभा असतो आणि त्याच्याकडे समीक्षेचे सहसा लक्ष जात नाही. तो पंडित नसतो, कोणाचा गंडाबंद शागीर्दही नसतो. इतरांच्या कानांवरून निसटलेले काही आपण ऐकले आहे आणि ते दुसऱ्यानेही ऐकले पाहिजे, एवढ्याच तळमळीने तो लेखणी हाती घेतो. तानसेनाच्या जोडीला 'कानसेन' हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. पण कानसेनाने लिहिलेल्या मजकुराला काय म्हणावे, समीक्षा की वकिली, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

केशवराव भोळे यांनी 'वसुंधरा' साप्ताहिकातून गायकांवर लिहिले ते 'एकलव्य' या टोपणनावाने. या नावाची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. एकलव्य म्हणजे दाराबाहेर उभे राहून विद्या मिळवणारा. भोळे स्वतः उत्तम जाणकार आणि पुढे 'प्रभात'चे संगीतदिग्दर्शक झाले, हे खरे. परंतु लिहिताना त्यांनी पत्करलेली भूमिका ऐकणाऱ्याची होती. आवाजाची जात, त्याचा लगाव, बोल टाकण्याची रीत यांवर ते बोट ठेवतात, आणि न आवडलेल्या गोष्टी सांगतानाही कचरत नाहीत. मात्र त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'आजचे प्रसिद्ध गायक' असे आहे. मराठीतील कानसेनाची लेखणी प्रथम वळली ती प्रसिद्धांकडे. त्यात वावगे काही नाही; ज्याची चर्चा करायची तो वाचकाने ऐकलेला असेल तरच मतभेदाला जागा राहते. अप्रसिद्धावर लिहिणाऱ्याची अडचण नेमकी इथून सुरू होते. त्याचे म्हणणे पडताळून पाहण्याचे साधनच वाचकापाशी नसते. साहजिकच तो युक्तिवाद सोडून आर्जवाकडे वळतो.

वामनराव देशपांडे हे व्यवसायाने हिशेबतपासनीस. त्यांच्या 'घरंदाज गायकी'ने (१९६१) रसिकाचे ऐकणे किती शिस्तीचे असू शकते हे दाखवून दिले. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, आणि या दोन टोकांमध्ये निरनिराळी घराणी कोठे बसतात याची त्यांनी केलेली मांडणी सुपरिचित आहे. किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, आणि जयपूर मधोमध, समतोल साधणारे. मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या लेखकाला समतोल नेमका आपल्या गुरूच्या घराण्यात सापडावा, याचे नवल वाटायला नको. तथापि हा पक्षपात उघड आहे आणि त्याला कारणे दिलेली आहेत. म्हणूनच तो खोडता येतो. प्रेम लपवू नये, परंतु प्रेमाची कारणे ऐकू येतील अशी द्यावीत, एवढी अपेक्षा रसिकाच्या लेखनाकडून करणे अवाजवी नाही.

उपेक्षितांची कैवारी लेखणी या अपेक्षेला वारंवार उतरत नाही. तिच्या दृष्टीने उपेक्षा हाच हळूहळू गुण बनतो. कोणी ऐकले नाही म्हणून श्रेष्ठ, आणि लोक ऐकू लागले की बिघडला, असा विलक्षण न्याय तयार होतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उदाहरण घ्या. तिसाव्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांची तालीम त्यांना लाभली होती. तरी देशभराची मान्यता मिळाली ती उतारवयात. त्यानंतर त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात या विलंबाची कहाणी, धारवाडचे साधे घर आणि त्यांची विडी यांनी किती जागा व्यापली आहे! अनवट रागाची मूर्ती दोन-तीन स्वरवाक्यांत उभी करणे, श्वासाच्या टोकापर्यंत ओढ कायम ठेवून समेवर अकस्मात उतरणे, याविषयी त्या मानाने अल्पच. म्हणजे प्रसिद्धी आली ती माणसाच्या वाट्याला; गाणे पुन्हा उपेक्षितच राहिले.

या संदर्भात रवींद्रनाथांच्या 'काव्येर उपेक्षिता' या निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'प्राचीन साहित्य' (१९०७) या संग्रहातील हा निबंध ऊर्मिलेविषयी बोलतो, 'कादंबरी'तील पत्रलेखेविषयीही बोलतो. पण तो केवळ हळहळत नाही. कवीची नजर या व्यक्तीवर कोठे क्षणभर थांबली आणि कोठे पुढे निघून गेली, ती जागा तो काव्यातच दाखवतो. उपेक्षेचा पुरावा त्याने संहितेतून काढला आहे. म्हणूनच त्या विचाराचे बीज पुढे हिंदीत रुजले आणि मैथिलीशरण गुप्तांच्या 'साकेत'मध्ये ऊर्मिलेला वाचा फुटली. तक्रार नेमकी असली की तिच्यातून नवी निर्मिती होऊ शकते.

ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांनी केलेले काम याच नेमकेपणाचे आहे, जरी ते स्वतःला समीक्षक म्हणवत नाहीत. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक तिचे प्रवर्तक. संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून विस्मृत गायक-गायिकांच्या तबकड्या, त्यांचे क्रमांक, त्यांवरील चिठ्ठ्या यांची नोंद होत गेली. पहिल्यावहिल्या तबकड्यांवर गाणे संपताच कलावंत स्वतःचे नाव उच्चारी; तबकड्या परदेशात, हॅनोव्हरला, तयार होत आणि तेथील तंत्रज्ञांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही योजना होती. सुमारे साडेतीन मिनिटांच्या गाण्याला जोडलेले ते नाव हाच कित्येक कलावतींचा उरलेला एकमेव दाखला. अशा वेळी क्रमांक लिहून ठेवणारा संग्राहक रसग्रहण करीत नसेल, पण रसग्रहण शक्य करतो. याउलट भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची ध्वनिमुद्रिकाच नाही. तेथे गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) यासारख्या पुस्तकावर विसंबणे भाग आहे. रसिकाच्या शब्दांवर गाण्याचा सगळा भार पडला आहे.

हे सारे आपल्या परिचयाच्या संगीताविषयी झाले. परंतु दिल्लीत, मुनिरक्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकाला आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. एकेकाळचे हे टोकस जाटांचे गाव. आता त्याच्या अरुंद गल्ल्यांतील मजल्यांवर मजले चढवलेल्या घरांत मणिपूर, नागालँड, मिझोराम येथून आलेली तरुण मंडळी भाड्याने राहतात. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून गिटार ऐकू येते. खालच्या मजल्यावर तिला 'आवाज' म्हणतात. तिच्यावर कोणी लिहावे, आणि कोणत्या भाषेत?

इंग्रजीत हा उद्योग झालेला आहे. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढले ते मुंबईत किंवा बंगळूरात नव्हे, अलाहाबादेत. ज्या गावात या संगीताला बाजार नाही तेथून देशभरच्या अनोळखी बँडांविषयी लिहायचे, त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिकांचा परिचय करून द्यायचा, हे धाडस थोर होते. पत्राचा मुक्काम पुढे दिल्लीला हलला आणि १९९७ पासून 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सवही त्यातूनच उभा राहिला. मात्र रॉकवरील या धाटणीच्या लेखनाला एक जुना रोग जडलेला दिसतो. नव्या बँडाची ओळख एखाद्या इंग्रज-अमेरिकन बँडाचे नाव घेऊन करून द्यायची. विल्यम जोन्सने कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटले, त्याचाच हा वंशविस्तार. वाचकाची सोय होते खरी. ज्याची ओळख द्यायची तो मात्र तुलनेच्या पडद्याआड जातो.

मराठीत तर साधे शब्दही आडवे येतात. 'बँड' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते, आणि 'अल्बम' हा कालपरवापर्यंत छायाचित्रांचाच असे. भाषांतरकार म्हणून मला नवे प्रतिशब्द घडवण्याचा मोह होत नाही. गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक स्वरवाक्याला 'रिफ' म्हणतात. त्याला 'आवर्ती स्वरबंध' म्हणून काय साधणार? ते वाक्य गाण्यात काय करते हे सांगितले की पुरे: कधी ते नगम्यासारखे लयीचे भान राखते, कधी धृपदासारखे परतून येते, कधी गायकाच्या शब्दांना मुद्दाम अडवते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वे सांगितली ती काही केवळ ख्यालापुरती किंवा कवितेपुरती नव्हेत. उणीव परिभाषेची नसून सवयीची आहे.

इम्फाळचे अखु चिंगांगबाम यांनी २००८ मध्ये उभ्या केलेल्या 'इम्फाळ टॉकीज' या बँडाची पहिली ध्वनिमुद्रिका 'टिड्डिम रोड' २००९ मध्ये निघाली. गाणी मुख्यतः मैतेई भाषेतील, शब्दाला प्राधान्य देणारी, वाद्यमेळ जवळजवळ अंग चोरून बसलेला. शाहिरीची परंपरा असलेल्या मराठी श्रोत्याला हे गाणे परके वाटण्याचे कारण नाही: चाल शब्दाला उचलून धरते, त्याच्यापुढे धावत नाही. काही ठिकाणी ही काटकसर कंटाळवाणी होते, आणि सगळा भार आशयावर टाकून गायक मोकळा होतो, हेही म्हटले पाहिजे. पण नुसत्या कानाने येथे भागत नाही. टिड्डिम रोड हा इम्फाळहून दक्षिणेस चुराचांदपूरवरून ब्रह्मदेशातील टिड्डिमकडे जाणारा रस्ता. १९४४ मध्ये जपानी सैन्याची एक फळी याच वाटेने इम्फाळवर चालून आली होती. मे २०२३ मध्ये मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसाचार उसळला तोही प्रथम याच रस्त्याच्या परिसरात. आज त्या ध्वनिमुद्रिकेवर लिहिणाऱ्याला हे नाव निरागसपणे उच्चारता येणार नाही. २००९ मध्ये, ती नवी असताना, कोणा रसिकाने तिच्यावर चार ओळी लिहिल्या असतील तर त्या मला आजच्या कोणत्याही विवेचनापेक्षा अधिक हव्या आहेत. कारण पुढचे काही ठाऊक नसलेल्या कानाला त्या गाण्यात काय ऐकू आले होते, हे आता दुसऱ्या कोणत्याही वाटेने कळण्यासारखे नाही.