फळ्यावरचे सुविचार

दिवाळी अंकात समीक्षा लिहायची म्हणजे वर्षभरातली एखादी कादंबरी किंवा कवितासंग्रह हाती घ्यायचा, असा रिवाज आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे दुसऱ्याच्या शेतातले तण मोजायला मला संकोच वाटतो. म्हणून यंदा एका निराळ्याच वाङ्मयप्रकाराकडे वळते. त्याच्यावर समीक्षक सहसा लिहीत नाहीत, आणि वाचक मात्र त्याला अमाप आहेत. तो म्हणजे सुविचार. शाळेचा फळा, कॅलेंडरचे पान, दवाखान्याची भिंत आणि हल्ली रोज सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट येणारी ती एकदोन ओळींची संतवचने नि तत्त्ववचने.

मी शाळेत शिकवते. वर्गाच्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहिण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले. मुले तो वहीत उतरवून घेतात. वर तारीख, खाली सुविचार. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एक मुलगा पंधरा दिवसांच्या गैरहजेरीनंतर वर्गात आला. त्याचे वडील गेले होते. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिले होते, की जे होते ते आपल्या भल्यासाठीच होते. तो नेमका त्याच दिवशी येणार हे मला ठाऊक नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. संध्याकाळी वह्या तपासायला घरी आणल्या. सगळ्यांनी सुविचार वळणदार अक्षरात उतरवला होता. त्याच्या वहीत तारीख होती आणि खालची ओळ कोरी होती.

मी त्या वाक्याखाली ऐटीत 'भगवद्गीता' असे लिहिले होते. रात्री गीता काढून बसले. सातशे श्लोक पालथे घातले, त्या अर्थाचा एकही सापडला नाही. 'गीतासार' म्हणून चौकटीत बसवून विकतात त्या तसबिरीतला तो मजकूर; गीतेचा आणि त्याचा संबंध फक्त चित्रातल्या रथापुरता. अर्जुनाचा प्रश्न युद्ध अजून व्हायचे असतानाचा आहे, आणि त्याला मिळालेले उत्तरही पुढे काय करावे याचे आहे. झालेल्या नुकसानीला बरे म्हणा, असे तिथे कोणी कोणाला सांगत नाही.

पण वाक्य खरोखर गीतेतले असते, तर माझी चूक कमी झाली असती काय? मला तसे वाटत नाही. खरी वचनेही फळ्यावर येताना काहीतरी मागे टाकून येतात. कोण बोलले, कोणापाशी बोलले आणि बोलताना त्याच्या पदरात काय होते, हे तिन्ही आपण डस्टरने पुसून टाकतो आणि उरलेल्या ओळीला शाश्वत सत्य म्हणतो. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ते पुस्तक आपल्याकडे घरोघर आहे. अनासक्तीच्या त्या गोष्टी ऐकणारा कैदी होता आणि सांगणाराही कैदीच. एकाच कुलपाच्या आत दोघे. घराचे दार उघडे असलेल्या माणसाने तेच शब्द कोंडलेल्याला सांगितले असते, तर ते कसे लागले असते, याचा विचार करून पाहावा.

रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस याची वचने आजकाल फार फिरतात. हा इसवी सन 161 ते 180 या काळात राज्यावर होता. डॅन्यूब नदीकाठच्या छावणीत, लढाईच्या धामधुमीत, त्याने ग्रीक भाषेत काही टिपणे केली. राज्यात साथीने माणसे मरत होती आणि त्याची स्वतःची कितीतरी मुले लहानपणीच गेली होती. त्या टिपणांत तो सारखे 'तू' म्हणतो. तू सहन कर, तू रागावू नकोस. हा 'तू' म्हणजे तो स्वतःच. वही त्याने प्रसिद्ध करण्यासाठी लिहिलेली दिसत नाही. ज्या एपिक्टीटसकडून तो हे शिकला, तो तर जन्माने गुलाम आणि पायाने अधू. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे आधी ओळखावे, ही त्याची शिकवण. ज्याच्या हातात जवळजवळ काहीच नव्हते, त्याने ती दिली म्हणून तिला वजन आहे. आपण मात्र तो 'तू' उचलतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर फेकतो.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येते. देवाने ठेवले तसे राहावे, मनात समाधान असू द्यावे, या अर्थाचा तुकोबांचा अभंग म्हणून जो सर्वांना पाठ आहे, तो मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन! माझ्या लहानपणी गावातले एक सावकार तो फार गोड म्हणत. व्याजाला मुदत मागायला आलेल्या माणसापुढेही म्हणत. म्हणणाऱ्याचा गळा चांगला होता, हे मी कबूल करते. पण तुकोबांच्या घरीही महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, धंदा बुडाला. परंपरा सांगते, की पुढे त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. दुसऱ्यांकडून येणे असलेला पैसा ज्याने पाण्यात सोडला, त्याच्या तोंडी समाधान शोभते. ज्याच्या पेटीत खते शाबूत आहेत त्याने ते ऋणकोला ऐकवणे ही निराळी गोष्ट झाली. शब्द तेच असले तरी अभंग तो नव्हे.

इथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. खते नदीत गेली तेव्हा दुसरी बायको आवली हिला कोणी विचारले होते काय? कीर्तनकार तिला कजाग म्हणून रंगवतात आणि श्रोते पोट धरून हसतात. मीही हसले आहे. समाधान तुकोबांचे, पण चूल आवलीची होती. तुकोबांविषयी माझ्या मनात जो भाव आहे तो याने तिळभर कमी होत नाही. मात्र त्या वचनाची किंमत एकट्या बोलणाऱ्याने चुकवली नव्हती, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

बायबलातले ईयोबाचे पुस्तक मी मराठीतच वाचले, आणि मला ते सुविचारांवरची जुनी समीक्षाच वाटते. ईयोबाची गुरेढोरे, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवसात जातात. अंगभर फोड उठतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. एवढे त्यांनी उत्तम केले. मग तोंड उघडतात आणि सगळे बिघडते. देव न्यायी आहे, दुःखाने माणूस सुधारतो, निरपराध्याला शिक्षा होत नाही... त्यांचे एकेक वाक्य सुटे काढले तर उद्या फळ्यावर लिहिता येईल. आणि शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, अशा अर्थाचे त्यांना सुनावतो. हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून उठले आणि उगीच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरू लागले. त्या तिघांत चौथी मी होते. ईयोबाच्या बायकोचीही तीच दहा मुले गेली होती. तिच्याजवळ जमिनीवर कोणी बसल्याचे मात्र लिहिलेले नाही.

मग दुसऱ्याला काही सांगूच नये की काय? याचे उत्तर मला पाली ग्रंथांतल्या किसा गोतमीच्या कथेत सापडले. बुद्धाशी माझी ओळख धर्मानंद कोसंबींच्या पुस्तकांतून झाली, तेव्हापासून ही कथा मनात आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन श्रावस्तीत औषध मागत फिरणारी ती आई. मृत्यू कोणाला चुकला नाही, हे वाक्य बुद्धापाशी तयार होते. कोणीही ते सांगू शकला असता. त्याने ते उच्चारले नाही. ज्या घरी कोणी मेलेले नाही त्या घरून चिमूटभर मोहरी आण, असे तिला सांगितले. ती दारोदार फिरली. मोहरी प्रत्येक घरी होती. पण प्रत्येक दारात कोणीतरी आपला मुलगा, आपली सासू, आपला धनी यांचे नाव घेतले असेल, घटकाभर थांबून बोलले असेल. एरवी तिला वेडी म्हणून हसणारे गाव त्या दिवशी तिच्याशी बोलले. वाक्य शेवटी तिला सापडलेच, पण ते तिच्या स्वतःच्या पायांनी चालून सापडले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले. वही पिशवीत होती. त्याच्या आईने घोंगडी टाकली, चहा केला. म्हैस आटल्याचे बोलणे निघाले, विहिरीच्या मोटारीचे निघाले, मग तिने आपण होऊन नवऱ्याच्या शेवटच्या चार दिवसांची हकीकत सांगितली. मी ऐकत बसले. मुलगा दाराशी उभा होता. निघताना वही काढली, तारखेखालची ओळ तशीच ठेवली, तिच्याखाली लाल शाईने सही केली आणि वही त्याच्या हातात दिली.