कॅफेत बसून शिकलेली भाषा

एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्यावरून उघडणे आता किरकोळ वाटते. पण दोघांच्या कार्यप्रणाली वेगळ्या असल्या की खरी अडचण सुरू होते. विंडोजचे संगणक ‘एसएमबी’ या नियमावलीनुसार फाइल मागतात. युनिक्सच्या कुळातल्यांची रीत निराळी. त्यांना एसएमबी बोलायला शिकवणारी आज्ञावली म्हणजे ‘सांबा’. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस ती लिहायला घेतली. पुरेशी माहिती हाती नसताना हे नियम कसे उलगडले, ते त्यांनी २००३ साली एका छोट्या लेखात सांगितले. विज्ञान शिकवणाऱ्याने तो वाचावाच, पण चिकित्सकपणे.

लेखातला दृष्टांत असा. फ्रेंच शिकायचे आहे. पुस्तक नाही, वर्ग नाही. मग फ्रान्समधल्या कॅफेत बसावे, गिऱ्हाईक काय बोलते आणि वेटर काय आणतो ते टिपावे. हळूहळू पाव, कॉफी हे शब्द कळतात. तसेच विंडोज संगणकांमधील संदेश टिपून फाइलचा आकार, तारीख यांच्या खुणा ओळखता येतात. पण गिऱ्हाइके जे शब्द वापरतच नाहीत, त्यांचे काय? त्यासाठी वेटरच्या पायावर पाय द्यायचा आणि तो काय बोलतो ते टिपायचे! संगणकाच्या बाबतीत, मुद्दाम चुकीची मागणी पाठवून त्रुटीचे संदेश गोळा करायचे. निरीक्षण कोठे संपते आणि प्रयोग कोठे सुरू होतो, हे इतक्या सोपेपणाने क्वचितच सांगितले जाते.

तरीही दृष्टांतात दोन उणिवा आहेत. गिऱ्हाईक काही म्हणाले आणि पाव आला, एवढ्यावरून तो शब्द पावाचाच ठरत नाही. तो ‘लवकर’ही असू शकेल. अंदाज बांधायचा, एकच गोष्ट बदलून पुन्हा मागणी करायची, चुकलेला अंदाज टाकून द्यायचा, ही मेहनत येथे झाकली जाते. विद्यार्थ्याला वाटेल, नुसती टिपणे वाढली की नियम आपोआप हाती येतो.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. फ्रेंच कोणी दडवलेली नाही. एसएमबीचे अनेक तपशील मात्र मायक्रोसॉफ्टला ठाऊक होते, जाहीर नव्हते. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने अशी माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम ठेवला आणि त्याच डिसेंबरात एकरकमी १०,००० युरो भरून सांबाच्या गटासाठी कागदपत्रांची वाट मोकळी झाली. लेख यापूर्वीचा असल्याने दोष लेखकाला देता येणार नाही. पण आजच्या वाचकाने विनोदाच्या भरात हे विसरू नये. निसर्गाचे नियम शोधावे लागतात, कारण ते सांगणारा कोणी नसतो. माणसाने केलेले नियम माणसालाच पुन्हा शोधावे लागले, यात बुद्धीचे कौतुक आहे, तसा श्रमांचा अपव्ययही आहे.

वर्गात हा लेख अवश्य वाचावा आणि शेवटी दोन प्रश्न विचारावेत. अंदाज चुकला असता तर ते कशावरून कळले असते? आणि ज्याला माहीत होते, त्याने ते सांगितले का नाही?