पडद्याची मालकी

पिट्सबर्ग शहरातील एका दुकानाच्या गाळ्यात 1905 साली हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी खुर्च्या मांडल्या, निकल म्हणजे पाच सेंटांचे नाणे घेऊन चलच्चित्रे दाखविण्यास आरंभ केला, आणि त्या नाण्यावरून त्या जागेचे ‘निकलोडियन’ असे नामकरण केले. तेथपासून आजच्या बहुपडदा संकुलापर्यंत अमेरिकन चित्रगृहाचे रूप का व कसे पालटले याचा शोध घेऊ लागावे, तर वास्तुशास्त्रापेक्षा मालकीहक्काचे दफ्तरच अधिक चाळावे लागते.

चित्रपट दाखविणे हीही एक कला आहे, हे थाटात सिद्ध केले ते शिकागोच्या बालाबान आणि कॅट्झ यांनी. बार्नी बालाबान पूर्वी शीतगृहाच्या कंपनीत चाकरीस होता, सॅम कॅट्झ पियानो वाजवीत असे; त्यामुळे 1917 साली त्यांनी उघडलेल्या सेंट्रल पार्क चित्रगृहात भर उन्हाळ्यात गारवा असावा आणि मूकपटाला वाद्यवृंदाची साथ असावी, यात नवल ते कोणते? गणवेशधारी सेवक साध्या मजुरालाही अदबीने त्याच्या आसनापर्यंत पोहोचवीत, आणि त्या दोन घटकांपुरता तो त्या प्रासादाचा धनी होई.

या वैभवाचा पाया मात्र निकोप नव्हता. बालाबान-कॅट्झची चित्रगृहे पॅरामाउंट या निर्मितिसंस्थेच्या छत्राखाली गेली. मार्कस लो याच्या चित्रगृह-कंपनीने 1924 साली एमजीएम ही निर्मितिसंस्थाच उभी केली, आणि मुंबईतील धोबीतलावाचे 1938 चे ‘मेट्रो’ हे त्याच घराण्याचे सागरापारचे ठाणे. उत्तम चित्रपट हवा असेल तर त्याच्यासोबत सुमार चित्रपटांचे गाठोडेही मुकाट्याने उचलावे, अशी सक्ती स्वतंत्र चित्रगृहवाल्यांवर होऊ लागली, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. 1948 च्या निवाड्याने ही गाठोडेपद्धती निषिद्ध ठरली आणि पुढे पाच बड्या कंपन्यांना आपल्या चित्रगृहांची फारकत करावी लागली. लो यांच्या संस्थेची वाटणी पुरी होण्यास 1959 साल उजाडले.

निर्मात्याच्या कब्जातून पडदा असा सुटला, पण तो हिशेबनिसाच्या स्वाधीन झाला. तिकिटाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा वितरकाकडे जातो आणि मक्याच्या लाह्यांचे पैसे तेवढे आपल्याच गल्ल्यात राहतात, हे मर्म ओळखून स्टॅन्ली ड्यूरवुडने 1963 साली कॅन्सस सिटीत एकाच छपराखाली दोन पडदे बसविले. 1995 साली त्याच्याच एएमसी कंपनीने डॅलस येथे चोवीस पडदे मांडले. ही स्पर्धा कर्जाच्या बळावर चालल्यामुळे 2000-01 च्या सुमारास अनेक नामांकित साखळ्यांचे दिवाळे निघाले, आणि फिलिप अँशुट्झ या धनिकाने रीगलसह तीन साखळ्या एकत्र केल्या. 2012 साली चीनच्या वांडा समूहाने सुमारे 260 कोटी डॉलरांना एएमसी घेतली. 2018 साली ब्रिटनच्या सिनेवर्ल्डने सुमारे 360 कोटी डॉलरांना रीगल घेतली आणि 2022 साली सिनेवर्ल्डही कर्जाखाली वाकून न्यायालयाच्या दारी उभी राहिली.

या साऱ्या घालमेलीत पडद्यांची संख्या वाढली, आसने मऊ झाली, ध्वनी सुस्पष्ट झाला, हे प्रांजलपणे मान्य करावे; परंतु प्रेक्षक हा पाहुणा आहे ही भावना, मालक गावातून उठून दूरदेशीच्या पेढीत जाऊन बसला तेव्हाच संपली, असे माझे मत आहे. न्यायालयाने पडद्याला निर्मात्यापासून सोडविले होते. सावकारापासून सोडविणे त्याच्या अखत्यारीत नव्हते. 2020 साली ते जुने निर्बंधही उठविण्यात आले, आणि 2024 साली सोनी या निर्मात्या कंपनीने अलामो ड्राफ्टहाउस ही साखळी विकत घेतली.